फिका नायक आणि भाव खाणारा शेजारी

विनोदी मालिकेवरच्या चर्चेचा निकाल बहुधा पहिल्या दोन वाक्यांतच लागून जातो. पुण्यातल्या भरत नाट्य मंदिराबाहेर चहा घेताना असो किंवा घरी जेवताना, मालिकेचे नाव निघाले की कुणीतरी म्हणतेच, ‘नायक अगदीच फिका आहे हो, सगळा भाव तो शेजारी खाऊन जातो.’ त्यावर दुसरा पक्ष उठतो आणि सहायक नटांना आवरणारे कुणी उरले नाही, दिग्दर्शकाचा वचक संपला, अशी तक्रार करतो. वाद तासभर रंगतो. पण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली असते. हशा म्हणजे मार्क, आणि ज्याला मार्क कमी तो नापास. दहावीच्या गुणपत्रिकेवरून माणूस ओळखण्याची सवय लागलेल्या आपल्या शहरात याचे नवल वाटू नये, परंतु विनोदी नाट्य समजून घेण्यासाठी ही गुणपत्रिका निरुपयोगी आहे.

माझे म्हणणे असे की, सिटकॉममध्ये, म्हणजे विनोदी मालिकेत, सहायक पात्र नायकावर वरचढ ठरते, तेव्हा बहुतेक वेळा मालिका ठाकठीक चाललेली असते. नायकाचे मोल त्याला स्वतःला किती हशा मिळाला यावर ठरवू नये. त्याच्या शेजारी उभे राहून इतरांना किती मिळाला, हे पाहावे. मालिकेचे खरे नुकसान पुढे होते. तो हशा म्हणजे जनतेचा कौल समजून वाहिनी सहायक पात्राला उचलते आणि नायकाच्या जागी आणून बसवते, तिथे घसरण सुरू होते.

‘साराभाई वर्सेस साराभाई’ ही 2004 ते 2006 या काळातली मालिका घ्या. तिच्या चाहत्यांना विचारा, आठवते कोण? माया, इंद्रवदन, रोशेश, मोनिशा. नायक साहिलचे नाव शेवटी येते, तेही आठवण करून दिल्यावर. आता एखाद्या प्रसंगाकडे जवळून पाहू. रोशेश आपली नवी कविता वाचायला उभा राहतो. मायेच्या चेहऱ्यावर मातृत्वाचा अभिमान ओसंडत असतो, तिचा नवरा इंद्रवदन टोमणा परजून बसलेला असतो, मोनिशाला काही कळलेले नसते आणि सोफ्यावर मध्येच साहिल बसलेला असतो. कवितेची ओळ पडते. अर्धा हशा तिथे येतो. उरलेला अर्धा कॅमेरा साहिलकडे वळल्यावर येतो, कारण त्या खोलीत शहाणा म्हणावा असा तो एकटाच माणूस असतो, आणि ही कविता किती भयंकर आहे हे प्रेक्षकांना त्याच्या चेहऱ्यावरून पक्के समजते. साहिल हा मायेचा मुलगा, मोनिशाचा नवरा आणि रोशेशचा भाऊ आहे. सासू आणि सून या दोघीही त्याच्याच आहेत, म्हणून त्यांच्या भांडणात जीव आहे. त्याला बाजूला काढले, तर उरतात ती एका दिवाणखान्यात योगायोगाने जमलेली चार विक्षिप्त माणसे. रंगभूमीवर वाढलेल्या सुमीत राघवन यांनी ही भूमिका करताना लक्ष वेधून घेण्याचा मोह जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आवरला आहे. ते फिके पडले असे म्हणणाऱ्यांनी तो मोह आवरून पाहावा.

कारण हे काम अवघड आहे, आणि ते पुण्यातल्या कॉलेजांना चांगले ठाऊक आहे. पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत हशा मिळवणाऱ्या भूमिकेसाठी झुंबड उडते, आणि समोरून फीड देणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याच्या विनोदाला आधीचे वाक्य पुरवणाऱ्या, भूमिकेसाठी माणूस शोधत फिरावे लागते. मिळाला, की दिग्दर्शक त्याच्याच मागे लागतो: त्याचे वाक्य चालू असताना हात हलवू नकोस, ग्लास उचलू नकोस, लाफ पडू दे, ओसरायला लागला की बोल. घाईने बोलला तर हशा मरतो. रेंगाळला तर प्रसंग बसतो. या अर्ध्या श्वासाच्या हिशेबाला आपल्याकडे टाळी मिळत नाही, आणि ‘आव्वाज कुणाचा’ ही आरोळीही त्याच्यासाठी कधी उठत नाही.

या संदर्भात मला ‘हम पाँच’ फार महत्त्वाची वाटते. 1995 मध्ये झी टीव्हीवर आलेल्या या मालिकेत पाच मुलींच्या त्रस्त बापाची, आनंद माथुरची, भूमिका अशोक सराफ यांची होती. मराठी प्रेक्षकाला हा नट काय चीज आहे हे सांगायला नको. एका भुवईवर नाट्यगृह हलवणारा माणूस. तरी लोकांच्या तोंडी नाव बसले ते दादागिरी करणाऱ्या काजलभाईचे. मग अशोक सराफ हरले का? त्यांना विनोद जमेना झाला होता का? भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीतून दिवंगत पहिली बायको बोलते, ती भूमिका प्रिया तेंडुलकर यांची, आणि खाली उभा नवरा मान वर करून तिच्याशी रोजचा संसार बोलतो. तसबीर बोलते ही गोष्ट प्रेक्षकांनी खरी मानली, याचे श्रेय तसबिरीपेक्षा खालच्या माणसाला अधिक आहे, कारण तो एकदाही ‘बघा, किती गंमत’ असे भाव चेहऱ्यावर आणत नाही. ज्याला सगळा हशा सहज स्वतःकडे ओढता आला असता, त्याने तो पाच मुलींमध्ये आणि एका चौकटीत वाटून दिला. मी याला नटाची श्रीमंती म्हणेन.

हे दूरदर्शन संचाबरोबर आलेले नाही. संस्कृत नाटकात नायकाशेजारी विदूषक उभा करण्याची रीत होती, आणि ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताच्या वाट्याला मैत्रेय तर आलाच, शिवाय शकारही आला, त्या दोघांपुढे सज्जन चारुदत्त कित्येकदा झाकोळतो. आपल्या तमाशात गौळण कृष्णाची, पण प्रेक्षकांची नजर पेंद्या आणि मावशी कधी येतात याकडे. देवलांच्या ‘शारदे’त नायक कोण, असे विचारले तर कोदंड हे नाव चटकन किती जणांना आठवेल? थेरडा भुजंगनाथ आणि लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित मात्र सव्वाशे वर्षे जिवंत आहेत. ‘संशयकल्लोळा’ची कथा तर आपल्या वादासाठी मुद्दाम घडवल्यासारखी आहे. 1893 मध्ये देवलांनी हे नाटक गद्य स्वरूपात लिहिले, तेव्हा त्याचे नावच ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ असे होते. 1916 मध्ये ते संगीत झाले, पदे आली, आणि पदे गाण्यासाठी अश्विनशेठ व रेवती ही जोडी पुढे सरकली. नाटकाच्या नावातून फाल्गुनराव गेला. प्रयोगातून मात्र तो कधीच गेला नाही. आजही प्रेक्षक पदांना मान डोलावतात आणि संशयी फाल्गुनरावाला हसून घरी जातात. म्हणून अश्विनशेठची भूमिका करणाऱ्या गायक नटाने आपला पराभव झाला असे मानल्याचे मी ऐकलेले नाही.

गणपतराव बोडस यांची कारकीर्द या बाबतीत उद्बोधक आहे. ‘मानापमाना’तला दागिन्यांनी मढलेला भित्रा लक्ष्मीधर त्यांचा, ‘संशयकल्लोळा’तला फाल्गुनरावही त्यांचा, म्हणजे नायकाच्या डोळ्यांदेखत प्रयोग खिशात घालणाऱ्या भूमिका त्यांच्या हक्काच्या. हेच बोडस 1919 मध्ये ‘एकच प्याल्या’त सुधाकर झाले, आणि आता समोर दारुडा तळीराम होता. आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश सुरू झाले की नाट्यगृह तळीरामाचे होते. गडकऱ्यांनी दारूविरुद्ध नाटक लिहिले आणि प्रेक्षक दारुड्यांच्या मंडळात रमले, हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. पण सुधाकराच्या अधःपाताची धार येते कुठून? ज्या मैफलीत आपण पोट धरून हसलो, तीच सुधाकराच्या बायकोच्या, सिंधूच्या, घराची राखरांगोळी करते हे कळते, तेव्हा प्रेक्षक चपापतो, कारण तोही त्या मैफलीत सामील होता. तळीराम बेताचा रंगला असता, तर सुधाकराची शोकांतिका उपदेशाच्या पातळीवर राहिली असती.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. तिचा पहिला मुद्दा मला बराचसा मान्य आहे: पुष्कळ नायक खरोखरच वाईट लिहिलेले असतात. मराठी मालिकांतला आदर्श मुलगा आठवा. त्याला खोड नाही, हाव नाही, कशाची भीती नाही. आई आणि बायको यांच्यामध्ये उभे राहून ‘तुम्ही दोघी शांत व्हा’ म्हणणे एवढीच त्याची कामगिरी. याला कुणी फिका म्हटले तर ते योग्यच आहे. पण फिका नायक आणि आधार देणारा नायक यांतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. त्याला कथेतून काढून पाहावे. आदर्श मुलगा आठवडाभर परगावी गेला तरी घरात काहीही बदलत नाही. 1984 च्या ‘ये जो है जिंदगी’त मात्र सतीश शाह प्रत्येक भागात वेगळेच पात्र होऊन येत आणि भाग लुटून नेत, शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचे ते साधे, ओळखीचे नवरा-बायकोचे घर नसते, तर या दर भागातल्या नव्या पाहुण्याने शिरायचे कुठे होते? अमेरिकेतल्या ‘साइनफेल्ड’चा दाखलाही असाच. मालिकेला नाव जेरी साइनफेल्ड यांचे, ते तिचे एक निर्मातेही. पण अभिनयाचे एमी पुरस्कार शेजारी क्रेमर करणाऱ्या मायकेल रिचर्ड्स यांना तीन वेळा आणि एलेन करणाऱ्या ज्युलिया लुई-ड्रायफस यांना एकदा मिळाले, जेरींना एकदाही नाही. क्रेमर दार ढकलून आत येतो, ते घर जेरीचे असते. ज्याच्या हातात मालिका होती, त्याने दार उघडे ठेवण्याचे काम स्वतःकडे घेतले, याला अपयश कसे म्हणावे?

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. प्रेक्षक मायबाप असतो. त्याला जे पात्र आवडते ते वाढवणे हा लेखकाचा धर्म नव्हे काय? इतिहासात याला आधार आहे. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ 1836 पासून हप्त्याहप्त्याने येत होती आणि खप बेताचाच होता. सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर कथेत आला आणि खप भराभर चढला. डिकन्सने अर्थातच सॅमला वाढवले. पण वाढवले कसे, हे पाहण्यासारखे आहे. त्याने सॅमला नोकरच ठेवले. लग्नाचे वचन मोडल्याच्या खटल्यात ठरलेली भरपाई द्यायला नकार दिल्यामुळे पिकविक तुरुंगात जातात, तेव्हा सॅम स्वतःवर मुद्दाम कर्जाची अटक ओढवून घेऊन त्यांच्यामागे तुरुंगात येतो. या एका घटनेने सॅम मोठा होतोच, पण ज्याच्यासाठी कुणी असे करावे तो पिकविकही त्याहून मोठा होतो. लोकप्रियतेला दिलेले याहून शहाणे उत्तर मला माहीत नाही.

उलट उदाहरणे अमेरिकी दूरचित्रवाणीवर हवी तेवढी आहेत. ‘हॅपी डेज’ 1974 मध्ये सुरू झाली ती रिची कनिंगहॅम या साध्या मुलाची आणि त्याच्या घराची गोष्ट म्हणून. कातडी जाकीट घालणारा फॉन्झी तिच्यात कडेला होता. त्याचे जाकीट गुंडासारखे दिसते म्हणून मोटारसायकल जवळ असेल तेव्हाच ते घालू द्यायचे, इतकी वाहिनी सुरुवातीला बिचकत होती. पुढे तोच मालिकेचा मालक झाला. 1977 मध्ये तो पाण्यावर घसरत जाऊन शार्कवरून उडी मारताना दाखवला गेला, आणि मालिका घसरणीला लागल्याची खूण म्हणून जगभरचे लोक आजवर त्याच उडीचे नाव घेतात. रिची करणारे रॉन हॉवर्ड 1980 मध्ये बाहेर पडले. ‘फॅमिली मॅटर्स’मध्ये याहून वाईट झाले. स्टीव्ह अर्कल हा शेजारचा आगाऊ मुलगा पहिल्या वर्षी पाहुणा म्हणून आला आणि ठाण मांडून बसला. एका कष्टाळू कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट पुढे त्याच्या चमत्कारिक यंत्रांची गोष्ट झाली. त्या घरातली धाकटी मुलगी ज्युडी 1993 मध्ये मालिकेतून नाहीशी झाली. ती कुठे गेली हे कुणी सांगितले नाही, आणि तिच्या आईबापांनीही पुन्हा तिचे नाव काढले नाही. सहायक पात्राला गादीवर बसवले की नायकाचे काय होते याची चिंता सगळे करतात. किंमत बहुधा ज्युडीसारख्यांनी मोजलेली असते.

‘फ्रेंड्स’ संपल्यावर जोईला स्वतंत्र मालिका मिळाली; 2004 ला सुरू झाली, 2006 ला गुंडाळली. ‘मग फ्रेझरचे काय?’ असे इथे कुणी विचारेल, आणि विचारावेच. ‘चीअर्स’मधला हा सहायक मानसोपचारतज्ज्ञ 1993 पासून अकरा हंगाम स्वतःच्या मालिकेत टिकला. पण कशाच्या बळावर? फ्रेझर नव्या घरात आला तेव्हा त्याच्याभोवती फटकळ बाप, बापाची देखभाल करणारी डॅफ्नी आणि फ्रेझरहूनही नखरेल असा धाकटा भाऊ नाइल्स अशी माणसे उभी करण्यात आली. फ्रेझर नायक झाला आणि नायकाचे कामही त्याने अंगावर घेतले; मग नाइल्सने भाव खायला सुरुवात केली. जोईच्या भोवती असा कुणी वरचढ ठरला नाही. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला शोधूनही मिळाला नसता.

नायक स्वतःच विदूषक असतो अशा मालिका आहेतच, ‘आय लव्ह ल्यूसी’ घ्या किंवा आपला ‘चिमणराव’ घ्या. तिथे ल्यूसीचा नवरा रिकी जमिनीवर पाय ठेवून असतो. चिमणरावांच्या बाबतीत तर चिं. वि. जोशींनी कमाल केली आहे: फजिती चिमणरावांची आणि ती सांगणारेही चिमणरावच, म्हणजे हसू आणि शहाणपण एकाच माणसात. तरीही दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाबरोबर बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ लोकांनी तितकाच मनात ठेवला.

आपल्याकडची अडचण अमेरिकेहून बिकट आहे, कारण आपली मालिका रोज येते. आठवड्याला एक भाग लिहिणाऱ्याला विचार करायला सवड असते. आठवड्याला सहा भाग लिहिणाऱ्याच्या हाती टीआरपीचा आकडा येतो आणि पुढच्या आठवड्यात गाजलेल्या शेजाऱ्याचे दोन प्रसंग वाढतात. सहायक पात्र हे मुळात एका लकबीवर उभे असते. चार वाक्यांत ती लकब खुलते, चाळीस वाक्यांत उघडी पडते. ‘साराभाई’चे मूळ भाग सत्तरच्या आसपास होते. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ने 4000 भागांचा टप्पा कधीच ओलांडला आहे. तारक मेहतांच्या गुजराती सदरावरून ती आली, आणि मेहता हे त्यात सगळ्यांकडे तिरकस नजरेने पाहणारे निवेदक. तेव्हा जेठालाल पुढे येणार हे आराखड्यातच होते, आणि दिलीप जोशी यांनी ते सोने केले. पण 2017 नंतर दयाबेन पडद्यावरून गेल्या आणि एवढ्या मोठ्या सोसायटीची गोष्ट वर्षानुवर्षे ‘दया कधी येणार’ या एका प्रश्नाभोवती फिरवली गेली. एखाद्या सहायक पात्राची उणीव भासणे स्वाभाविक आहे. त्या उणिवेवरच घर चालवणे हा लेखनाचा आळस आहे, आणि निवेदक मेहतांकडे त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही, हे मला त्याचेच लक्षण वाटते.

राहिला तिसरा मुद्दा, आणि तो मला खोडून काढता येत नाही. मराठीत नायक ‘फिका’ का वाटतो, याचे एक कारण त्याच्या तोंडची भाषा आहे. नायक आणि नायिका प्रमाण मराठी बोलतात, म्हणजे ढोबळ मानाने आमच्या पेठांची मराठी. आणि वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी, मराठवाडी ही सगळी चव स्वयंपाकीण, वॉचमन, गावाकडचे मामा यांच्यात वाटली जाते. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलायचा आणि विदूषक प्राकृत. दीड-दोन हजार वर्षांनी आपण त्याच व्यवस्थेत आहोत. प्रेक्षक त्या वॉचमनवर प्रेम करतो, ते काही अंशी स्वतःच्या बोलीवरचे प्रेम असते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे वऱ्हाडी ठसक्यात बोलू लागले की विदर्भातल्या घरांत जो आनंद होत असेल, तो नुसत्या विनोदाचा नसावा. अशा वेळी ‘नायकाचे काम फीड देण्याचे आहे, त्याला दोष देऊ नका’ हे माझे म्हणणे पुण्यात बसून सांगणे सोपे आहे, याची मला जाणीव आहे. हशा बोलीला आणि घराची किल्ली प्रमाण भाषेला, अशी वाटणी कायम राहिली, तर रचनेचा गुण म्हणून मी जे वाखाणतो आहे त्याच्या आड जुनी उतरंड सुखाने नांदत राहील.

ही वाटणी अटळ मात्र नाही. 1971 मध्ये ‘सोंगाड्या’ने तमाशातल्या कडेच्या माणसाला चित्रपटाच्या मधोमध आणले. ‘वस्त्रहरण’ने 1980 पासून मालवणीला अख्खे नाटक दिले आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने ते जगभर नेले, तिथे मालवणी माणूस चिडतो, गोंधळतो आणि त्याच बोलीत गाडा पुढे ओढतो. मालिकांनी हे अजून मन लावून केलेले नाही. अकोल्याचा किंवा बीडचा समंजस, थकलेला, सगळ्यांचे ऐकून घेणारा नायक आपल्या बोलीत बोलतो आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर राहणारे सदाशिव पेठेतले कुणी शुद्ध, सानुनासिक, व्याकरणशुद्ध मराठीत भाव खाऊन जाते आहे, अशी मालिका कुणी लिहिली तर मला पाहायची आहे.